लकवा मारला की घरात होणाऱ्या या चुका टाळा

हातातला कप निसटतो, तोंड एका बाजूला वाकडं होतं, बोलणं अडखळतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पित्त असेल, जरा पडू दे त्यांना." लकव्यात सगळ्यात महागात पडतं ते हेच.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला नीट झोपले आणि सकाळी सहाला हात उचलेना, तर घड्याळ रात्री दहालाच सुरू झालेलं असतं. ती वेळ कागदावर लिहून न्या. उशीर झाला म्हणून घरी मात्र थांबू नका. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी निवडक रुग्णांमध्ये 24 तासांपर्यंतही काढता येते.

तोंडात काहीही घालू नका. पाणी, साखर, काहीच नाही. गिळता येत नसेल तर घोट थेट फुप्फुसात जातो. जिभेखाली बीपीची गोळी नको आणि ॲस्पिरिनही नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून 108 ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी चालतं तिथेच न्या. आपल्या भागात असं रुग्णालय कुठलं, हे आजच विचारून ठेवा.

दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरीही लगेच जायचंच. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन-चार दिवसांत सर्वाधिक असतो.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे तर घरोघरी आहेत. अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय! मशेरी आणि तंबाखूही सुटलीच पाहिजे.

घरी आणल्यानंतरच्या चुकांबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. उठवताना लुळा हात धरून ओढतात आणि खांदा निखळायला येतो; आधार पाठीला आणि कमरेला द्या. नुसत्या तेलमालिशीवर किंवा कबुतराच्या रक्तावर विसंबून सुरुवातीचे महिने घालवतात, जेव्हा फिजिओथेरपीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. शब्द सापडत नाहीत म्हणजे आजोबांना कळत नाही, असंही नव्हे. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल परस्पर बोलू नका. छोटं वाक्य बोला, "चहा हवा?" म्हणून कप दाखवा आणि उत्तराची वाट पाहा. ते सतत रडत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत.

कायमचं अपंगत्व राहिलं, तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. लकव्याच्या रुग्णालाही ते मिळू शकतं, हे अनेक घरांना कुणी सांगतच नाही.

29 ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, शिबिरात बीपी मोजतात, ते हवंच. पण तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात, हेही त्याच दिवशी विचारा. येत नसतील तर ग्रामसभेत लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या.