फिर्गजीच्या मेस्त्रींचा व ऑर्गनवादकांचा इतिहास कसा लिहावा

गोव्यातील एखाद्या चर्चची शतकमहोत्सवी स्मरणिका उघडली, तर विगारांची (चर्चच्या मुख्य धर्मगुरूंची) नामावली सहसा वर्षांसह छापलेली सापडते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रविवारची मिस्सा (मुख्य उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), लादाईन (गायिली जाणारी प्रार्थनामाला) आणि फेस्ताचे (चर्चच्या सणाचे) संगीत सांभाळले, त्या मेस्त्रींच्या वाट्याला मात्र अनेकदा आभाराचे एखादे वाक्य येते. ही उणीव भरून काढण्याजोगी आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी शोधाची सुरुवात स्मरणिकेपासून किंवा आठवणींपासून न करता चर्चच्या जमाखर्चापासून करावी. विगाराची नेमणूक धर्मप्रांताच्या कागदोपत्री नोंदली जाते, तर मेस्त्रीचे नाव बहुधा त्याला पैसे दिल्याच्या ओळीत उमटते.

मेस्त्री कोण होता, हे आधी स्पष्ट असावे. १५४५ मध्ये विकार-जनरल (बिशपांचे कारभारी प्रतिनिधी) मिगेल व्हाझ यांच्या पुढाकाराने गोव्यात फिर्गजीला, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामाला, जोडून शाळा सुरू झाल्या. या पारोक्याल शाळांत मुलांना अक्षरओळख आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीने सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणे) व व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा मेस्त्री तोच, चर्चमध्ये कोयर, म्हणजे गायकवृंद, चालवणाराही तोच, आणि पुष्कळ ठिकाणी ऑर्गनवर बसणाराही तोच. म्हणून तक्ता आखताना ‘शिक्षक’, ‘कोयर-संचालक’ आणि ‘ऑर्गनवादक’ असे तीन रकाने ठेवावेत. एकाच माणसाकडे तिन्ही कामे असतील तर नाव तिन्ही रकान्यांत लिहावे. पण कागद फक्त ‘ओर्गानिस्ता’ (ऑर्गनवादक) म्हणत असेल, तर त्याला आपल्या मनाने ‘मेस्त्रे द कापेला’ (चर्चचा संगीतप्रमुख) करू नये.

जमाखर्चाच्या वह्या मुख्यतः तीन ठिकाणच्या असतात. पहिली फाब्रिकेची, म्हणजे चर्चची मालमत्ता व खर्च पाहणाऱ्या मंडळाची, दुसरी कोंफ्रादींची, म्हणजे धार्मिक बंधुमंडळांची, आणि तिसरी गावच्या कोमुनिदादीची (सामाईक जमीन सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेची), कारण अशा जुन्या गावकऱ्या चर्चच्या खर्चाचा वाटा उचलत असत. विगारांची लेखी परवानगी घेऊन या वह्या चर्चच्याच कार्यालयात बसून पाहाव्यात, बाहेर नेऊ नयेत. पाने उलटताना दोन प्रकारच्या नोंदी वेगळ्या करण्याची सवय लावून घ्यावी. ठरावीक अंतराने, त्याच रकमेची, त्याच पदाच्या नावे येणारी नोंद ही मेस्त्रीच्या पगाराची असते. फेस्ताच्या किंवा कोरेज्माच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) सुमारास एकदाच येणारी, ‘म्युझिकांना’ अशा अर्थाची मोठी रक्कम बहुधा शेजारच्या गावांतून बोलावलेल्या वादकांची असते. या दोन नोंदींची गल्लत झाली की, एका दिवसासाठी आलेला व्हायोलिनवादक त्या चर्चचा मेस्त्री म्हणून छापला जातो आणि मग पुढच्या प्रत्येक स्मरणिकेत तसाच उतरत राहतो.

वाचताना पोर्तुगीज हस्ताक्षर अडवते, पण लागणारे शब्द थोडे आहेत. ‘रबेका’ म्हणजे व्हायोलिन आणि ‘रबेकांव’ म्हणजे खर्जाचे मोठे तंतुवाद्य. तारांचा किंवा गजाच्या केसांचा खर्चदेखील टिपून घ्यावा, कारण कोणत्या वर्षी कोणती वाद्ये वाजत होती हे त्यावरूनच कळते. रकमा जुन्या वह्यांत अशर्फी, तांगा व रेइश या नाण्यांत, नंतर रुपियांत आणि अगदी शेवटी एस्कुदोंत आढळतात. त्या आजच्या रुपयांत बदलण्याच्या फंदात पडू नये. त्याच वर्षी सांक्रिस्तांवाला (चर्चची देखभाल करणाऱ्या सेवकाला) काय मिळत होते ते शेजारी लिहिले, तर मेस्त्रीचे गावातील स्थान अधिक नेमके समजते.

पगाराच्या नोंदींतून नावे हाती आली की बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांकडे वळावे. गावात आजोबा आणि नातू यांचे नाव तंतोतंत सारखे असणे अगदी सामान्य आहे. म्हणून प्रत्येक नावापुढे आई-वडिलांची नावे आणि वाडा लिहिल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे मानू नये. मृत्यूच्या नोंदीत हुद्दा लिहिलेला सापडू शकतो. विवाहाच्या नोंदींत साक्षीदारांची नावेही पाहावीत, कारण त्या दिवशी चर्चमध्ये हजर असणाऱ्यांपैकी मेस्त्री एक असे. फार मागे जायचे असल्यास फिर्गज पूर्वी कोणाच्या ताब्यात होती हे माहीत असणे आवश्यक आहे. साष्टीत येशूसंघीय (जेझुइट) होते, त्यांना १७५९ मध्ये हाकलण्यात आले. बार्देशात फ्रान्सिस्कन होते. आणि १८३५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने उरलेले धार्मिक संघही बंद केले. अशा प्रत्येक वळणावर कागद हलले आहेत. त्यामुळे चर्चमध्ये एखादी वही नसली तर ती नष्टच झाली असे समजू नये. पणजीचे शासकीय पुराभिलेखागार आणि आल्तिन्यावरील धर्मप्रांताचे दप्तर या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी.

कार्यकाळ लिहिताना ‘पासून–पर्यंत’ असे न लिहिता ‘पहिला उल्लेख’ आणि ‘अखेरचा उल्लेख’ असे लिहावे. नेमणुकीचा कागद हाती असेल तेव्हाच ‘पासून’ म्हणावे. दोन मेस्त्रींच्या मध्ये पाच-सात वर्षे रिकामी दिसली, तर ती तशीच रिकामी ठेवावी आणि कारण शोधावे. गोव्यातील मेस्त्री आणि त्यांचे शिष्य मुंबईला, कराचीला, आफ्रिकेला, बोटींवरील व संस्थानिकांच्या बँडांत कामाला गेले. चर्चच्या पगारावर घर चालणे कठीण होते, हे त्यामागील उघड कारण. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चचे कोयर-मेस्त्री होते. मुलगा मुंबईच्या चित्रपटसंगीतात नामांकित व्हायोलिनवादक व संयोजक झाला आणि प्यारेलाल यांच्यासारखे शिष्य त्याने घडवले. आपल्या फिर्गजीच्या यादीतील रिकाम्या जागेमागेही असा एखादा प्रवास असू शकतो.

वाद्याची नोंद स्वतंत्रपणे करावी. ‘ऑर्गन’ या एका शब्दाखाली नळ्यांचा मोठा ऑर्गन, पायपेटी, अमेरिकन पद्धतीचा रीड ऑर्गन आणि अलीकडचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असे सगळेच येते. मराठी संगीत नाटकाच्या साथीला जो ऑर्गन वाजत असे, तोच प्रकार अनेक लहान चर्चमध्येही होता. हार्मोनियमच्या जातीच्या पायपेटीत भाता हवा स्वरपट्ट्यांवर (रीडवर) ढकलतो, रीड ऑर्गनमध्ये तो ती आत ओढतो. मागची फळी काढून जाणकाराकडून एवढे तपासून घेतले तरी प्रकार निश्चित होतो. पट्ट्यांच्या वरच्या फळीवरील निर्मात्याचे नाव आणि आत ठोकलेला क्रमांक यांचे छायाचित्र घ्यावे.

या साऱ्या कामातील सर्वांत मोलाचा ऐवज मात्र चर्चमध्ये नसून मेस्त्रींच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत असतो. तो म्हणजे हाताने उतरवलेल्या स्वरलिपीच्या वह्या. कोरेज्मात गायिले जाणारे मोतेत (धार्मिक समूहगीते) गावोगावच्या मेस्त्रींनी स्वतः रचले, लॅटिन शब्दांना दोन-तीन आवाजांत बांधले आणि त्यांना व्हायोलिन, क्लॅरिनेट व रबेकांव यांची साथ दिली. अशी रचना सहसा एका कागदावर पूर्ण नसते. प्रत्येक आवाजाचा व प्रत्येक वाद्याचा कागद निराळा असतो आणि भावंडांच्या वाटण्यांत ते विखुरलेले असतात. म्हणून एका घरात वरच्या आवाजाचा कागद मिळाला, तर थांबू नये. खालच्या आवाजाचा कागद चुलत घरी विचारावा. वही मागून नेऊ नये. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मुखपृष्ठापासून कोऱ्या पानांपर्यंत प्रत्येक पान क्रमाने टिपावे, कारण समासातील सही, तारीख किंवा ‘अमक्याच्या प्रतीवरून उतरवले’ अशी टीप हाच रचनाकाराचा एकमेव पुरावा असू शकतो. वहीच्या मालकीण असलेल्या आजींना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन करू नका, एवढे नम्रपणे सांगावे. वाळवी आणि पावसाळी दमट हवा यांपासून वाचवण्यासाठी त्या वह्या भिंतीपासून दूर, कोरड्या व उंच जागी ठेवायला सुचवावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी माणसांना विचारावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविषयक घोषणापत्र संमत केल्यानंतर लॅटिनची जागा हळूहळू कोंकणीने घेतली आणि १९६१ नंतर दप्तरातील पोर्तुगीजही मागे पडत गेली. त्यामुळे या काळात कोयरचे स्वरूप व नोंदींची भाषा दोन्ही बदलतात. ज्येष्ठांना ‘मेस्त्री कसे होते’ असे मोघम विचारू नये. तुमच्या लग्नाच्या मिस्सेला ऑर्गनवर कोण होते, पहिले कोंकणी गीत कोणी शिकवले, कोयर कोणत्या बाजूला उभा राहत असे, असे विचारावे. लग्नाची तारीख नोंदवहीत असतेच, त्यामुळे आठवणीला वर्ष मिळते.

स्त्रियांची नावे या तोंडी आठवणींतच सापडतात. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशात चर्चच्या कोयरमध्ये स्त्रियांना स्थान नव्हते. उंच आवाजासाठी मुलगे घ्यावेत, असे त्यात म्हटले होते. तरीही शाळेच्या शिक्षिकांनी आणि सिस्टरांनी मुलांना गाणी शिकवली, पेटीवर साथ केली आणि त्याबद्दल एक पैसा घेतला नाही. जमाखर्चात त्या दिसणार नाहीत, म्हणून त्यांची नावे तोंडी साक्षीवर, सांगणाऱ्याच्या संमतीने, यादीत मुख्य रकान्यातच घालावीत. ‘इतर साहाय्यक’ अशा तळटीपेत टाकू नयेत.

वसईच्या धर्मग्रामांसाठी हीच पद्धत चालते. मात्र तेथील अनेक चर्च १९२८ पर्यंत पादरोआदोच्या (पोर्तुगीज राजाश्रयाखालील चर्चव्यवस्थेच्या) अधिकारात होती, त्यामुळे जुना पत्रव्यवहार मुंबईबरोबर गोव्याकडेही शोधावा. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मंडळीचे कार्यवृत्त आणि १८४२ पासून निघणारे ख्रिस्ती नियतकालिक ‘ज्ञानोदय’ यांचे जुने अंक उपयोगी पडतात.

मजकूर तयार झाल्यावर प्रत्येक नावापुढे वहीचे नाव, वर्ष व पान लिहावे आणि तोंडी माहिती असल्यास तसे नमूद करावे. हयात व्यक्तींना त्यांच्याविषयीचा भाग आधी वाचून दाखवावा. एक छापील प्रत चर्चच्या दप्तरात, एक धर्मप्रांताच्या दप्तरात आणि स्वरलिपीच्या छायाचित्रांची एक प्रत ज्या घराने वही दाखवली त्या घरी द्यावी. चर्चच्या प्रतीत शेवटी काही कोरी पाने बांधून घ्यावीत आणि आज कोयर चालवणाऱ्याचे नाव, रुजू झाल्याच्या तारखेसह, विगारांच्या सहीने पहिल्या कोऱ्या पानावर लिहून घ्यावे.