घराचा अर्धा हिस्सा ट्रस्टमध्ये असेल, तर ब्रिटनच्या वारसा कराच्या विवरणात तो कसा दाखवावा

इंग्लंड आणि वेल्समध्ये पुष्कळ जोडपी मृत्युपत्र करताना राहत्या घरातला आपापला अर्धा हिस्सा जोडीदाराच्या नावे थेट न करता ट्रस्टमध्ये ठेवतात. जोडीदाराने तहहयात तिथे राहावे आणि त्याच्या पश्चात तो हिस्सा मुलांना मिळावा, अशी ही योजना असते. पुढे आई गेली की मुले हिशेब मांडतात, की वडिलांचा हिस्सा केव्हाच ट्रस्टकडे गेला, तेव्हा आईचे म्हणून अर्धेच घर दाखवायचे. हा हिशेब बहुधा चुकतो. ज्या हिश्श्यावर आईला तहहयात हक्क होता, तो वारसा करापुरता तिच्याच मालकीचा धरला जातो, मग ती तो विकू शकत नसली तरी. १९८४च्या वारसा कर कायद्याच्या ४९व्या कलमात ही तरतूद आहे आणि पुढची सगळी कागदपत्रे तिच्याभोवती फिरतात.

ट्रस्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था येते. इथला ट्रस्ट तसा नसतो. त्याला कार्यालय नसते, पाटी नसते, कित्येकदा स्वतंत्र बँक खातेही नसते. वडिलांच्या मृत्युपत्रातला एखादा परिच्छेद म्हणजेच तो ट्रस्ट. म्हणून पहिले काम आईचे नव्हे, तर वडिलांचे मृत्युपत्र शोधण्याचे. प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) झालेल्या मृत्युपत्राची प्रत सरकारकडून थोड्या शुल्कात कोणालाही मिळते. त्याबरोबर लँड रजिस्ट्रीतून घराच्या नोंदीचा उतारा मागवावा. त्यात एकट्या नोंदणीकृत मालकाला घराचा व्यवहार करता येणार नाही अशा अर्थाचे निर्बंध दिसले, तर हिस्से वेगळे असल्याची ती खूण असते. आईवडील अविभक्त संयुक्त मालक असते, तर वडिलांचा हिस्सा त्यांच्या निधनाबरोबर आपोआप आईकडे गेला असता आणि मृत्युपत्रातल्या ट्रस्टला घरापैकी काहीच मिळाले नसते.

मृत्युपत्रातला तो परिच्छेद शब्दशः वाचावा, कारण उत्तर तिथेच असते. घर वापरण्याचा किंवा त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क वडिलांच्या निधनापासूनच पत्नीला तहहयात दिला असेल, तर तो हिस्सा तिच्या मालमत्तेत मोजला जातो. याउलट कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोपवलेले असेल, तर असा ऐच्छिक ट्रस्ट सामान्यतः तिच्या मालमत्तेत येत नाही. त्यातही एक पोटप्रकार आहे. वडिलांचा हिस्सा आईनेच घेतलेला असतो आणि त्याबदल्यात ती ट्रस्टचे देणे लागते अशी लेखी हमी किंवा घरावरचा बोजा असतो. तेव्हा घर पूर्ण दाखवून ते देणे आयएचटी (इनहेरिटन्स टॅक्स, म्हणजे वारसा कर) ४१९ या पुरवणी अर्जावर वजा मागावे लागते. एखाद्या शब्दाबद्दल जरा जरी शंका असली, तरी माझ्या मते सॉलिसिटरचा खर्च इथेच करावा, कारण बाकीचे अर्ज चिकाटीने घरी भरता येतात.

यापुढचे सारे विवेचन तहहयात हक्काच्या ट्रस्टविषयी आहे.

कर लागणार नसेल तर पूर्ण अर्ज न भरता थोडक्यात भागते, असे अनेकांनी ऐकलेले असते. ही सवलत खरी आहे, पण ट्रस्टमधली मालमत्ता अडीच लाख पौंडांहून अधिक असली की ती सहसा मिळत नाही. लंडनच्या आसपास अर्ध्या घराची किंमतच अनेकदा त्याहून जास्त भरते, त्यामुळे कर शून्य आला तरी आयएचटी ४०० हा पूर्ण अर्ज भरावा लागतो. आईचा स्वतःचा हिस्सा आयएचटी ४०५ या पुरवणीत येतो. ट्रस्टमधला हिस्सा आयएचटी ४१८ या पुरवणीत येतो. तिथे ट्रस्टचा तपशील, विश्वस्तांची नावे व पत्ते आणि ट्रस्टमधल्या मालमत्तेची निधनाच्या दिवशीची किंमत द्यायची असते. आई ब्रिटनमध्ये दीर्घकाळ राहिलेली असेल आणि तिच्या नावे पुण्यात सदनिका असेल, तर आयएचटी ४१७ ही परदेशी मालमत्तेची पुरवणीही लागते. भारतात संपदा शुल्क १९८५ मध्येच रद्द झाले असले, तरी ब्रिटनच्या अर्जातली ही जबाबदारी त्याने टळत नाही.

किमतीबाबत एक चूक हमखास होते. अर्धे घर परक्या माणसाला विकायचे तर पूर्ण किमतीच्या निम्मे पैसे कोणी देत नाही, म्हणून अर्ध्या हिश्श्यावर साधारण १० ते १५ टक्के सूट मागण्याची पद्धत आहे. उरलेला अर्धा हिस्सा मुलांच्या थेट मालकीचा असेल, तर ही मागणी रास्त आहे. मात्र दोन्ही अर्धे हिस्से आईच्याच मालमत्तेत धरले जात असतील, तर घराची किंमत एकसंध ठरवून मग तिची विभागणी करायची असते आणि सूट मिळत नाही. किंमत मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून लेखी घ्यावी, कारण कर खाते ती सरकारी मूल्यनिर्धारकाकडून तपासून घेऊ शकते.

आकडे घालून पाहू. वडील २०१६ मध्ये वारले, आई २०२५ मध्ये. घर ९ लाख पौंडांचे, त्यातले साडेचार लाख आईचे आणि साडेचार लाख ट्रस्टचे. आईची बचत ३ लाख, म्हणजे एकूण १२ लाख. प्रत्येकाची मूळ करमुक्त मर्यादा ३ लाख २५ हजार आणि राहते घर मुला-नातवंडांना जात असेल तर वाढीव १ लाख ७५ हजार. तहहयात हक्क पत्नीला दिल्याने वडिलांच्या हिश्श्याला जोडीदाराकडे जाणाऱ्या मालमत्तेवरची करसूट मिळाली. वडिलांनी आणखी कोणाला मोठी रक्कम दिली नसेल, तर त्यांच्या दोन्ही मर्यादा शिल्लक राहतात आणि आईच्या मर्यादांना जोडून १० लाख होतात. वाढीव मर्यादा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाली, म्हणजे वडील गेल्यानंतर. तरीही ती शिल्लक धरली जाते. उरलेल्या २ लाखांवर ४० टक्क्यांनी ८० हजार पौंड कर बसतो. ट्रस्टचा वाटा एकूण मालमत्तेच्या साडेसदतीस टक्के असल्याने त्यातले ३० हजार विश्वस्तांनी ट्रस्टमधून भरायचे आणि ५० हजार आईच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी. बहुधा दोन्हीकडे तीच भावंडे असतात, पण बचत एकाला आणि घर दुसऱ्याला जात असेल, तर या विभागणीवरूनच घरात वाद होतात.

या मर्यादा आपोआप मिळत नाहीत. वडिलांची मूळ मर्यादा आयएचटी ४०२ वर, आईची वाढीव मर्यादा आयएचटी ४३५ वर आणि वडिलांची वाढीव मर्यादा आयएचटी ४३६ वर मागायची. ट्रस्टमधल्या हिश्श्यामुळे वाढीव मर्यादा मिळण्यासाठी आईच्या निधनाबरोबर तो हिस्सा मुला-नातवंडांच्या पूर्ण मालकीचा व्हायला हवा. पुढे तो नातवंडांसाठीच्या ऐच्छिक ट्रस्टमध्ये राहणार असेल, तर त्या हिश्श्याच्या आधारे ती मागता येत नाही. मालमत्ता २० लाख पौंडांच्या वर गेली की दर २ पौंडांमागे ही मर्यादा १ पौंडाने घटत जाते.

अर्ज निधनाच्या महिन्याच्या अखेरीपासून १२ महिन्यांत द्यायचा असतो, कर मात्र त्याआधी, निधनानंतरच्या सहाव्या महिन्याच्या अखेरीस भरायचा असतो. उशिरा भरल्यास व्याज चढते. कर भरण्यापूर्वी संदर्भ क्रमांक लागतो आणि तो किमान ३ आठवडे आधी मागवावा लागतो. घरावरचा कर १० वार्षिक हप्त्यांत देता येतो, पण घर विकले की उरलेली रक्कम लगेच देय होते. विश्वस्तांना आपला वाटा आयएचटी ४०० सोबत भरायचा नसेल, तर त्यांचा स्वतंत्र अर्ज आयएचटी १०० आहे. ट्रस्टची सरकारी नोंदवहीत नोंद झाली आहे का, हेही विश्वस्तांनी पाहावे. मृत्युपत्रातून झालेल्या ट्रस्टला पहिली २ वर्षे त्यातून सूट असते, त्यामुळे ती पुढे करायची राहूनच जाते.