‘कॉलेज उडवतो’ असं गमतीत लिहून बसलात तर

“उद्या व्हायव्हा. कॉलेजच उडवून टाकतो.” वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर चार हसऱ्या इमोजी पडतात. स्क्रीनशॉट प्राचार्यांच्या टेबलावर जातो तेव्हा त्या इमोजी आणि आधीचं वीस ओळींचं रडगाणं कापलेलं असतं. ‘ग्रुप खासगी आहे’ यावर विसंबू नका. जुलै 2022 मध्ये एका ब्रिटिश विद्यार्थ्याने गॅटविकहून मेनोर्काला जाताना मित्रांना स्नॅपचॅटवर ‘विमान उडवायला चाललोय’ असं लिहिलं. स्पेनची लढाऊ विमानं मागे लागली. निर्दोष सुटायला जानेवारी 2024 उजाडला.

मेसेज गेलाच असेल तर आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ग्रुपचं नाव, तारीख, वेळ, आधीचं-नंतरचं बोलणं, सगळं सलग. मग ‘गंमत होती, चुकलं’ एवढं लिहून मेसेज काढा. तक्रारीची कुणकुण लागल्यावर मात्र काहीही पुसायचं नाही. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर चिकटतो.

रेकॉर्डिंगचा एवढा आग्रह अशासाठी, की भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 ला (धमकीचा गुन्हा) घाबरवण्याचा किंवा काही करायला भाग पाडण्याचा हेतू लागतो, आणि हेतू दिसतो तो आसपासच्या ओळींतूनच. जिवे मारण्याची धमकी ठरली तर शिक्षा 7 वर्षांपर्यंत. ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजला शिक्षा देणारं आयटी कायद्याचं 66अ कलम 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. तक्रारीत ते दिसलं तर वकिलाला लगेच दाखवा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस आली तर ठरल्या वेळी हजर व्हा. नोटीस पाळणाऱ्याला पोलिसांनी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तपासातल्या जबाबावर सही लागत नाही, हे ठाण्यात पुष्कळदा सांगितलंच जात नाही. जायच्या आधी *#06# डायल करून आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) वहीत उतरवा. फोन घेतला तर जप्ती पंचनाम्यात तोच नंबर चढलाय का बघा, प्रत मागा. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही.

खरी घसरगुंडी कॉलेजच्या ऑफिसात. छापील माफीनाम्यात ‘मी धमकी दिली’ असं असेल तर सही करू नका. ‘अमुक मेसेज लिहिल्याबद्दल दिलगीर आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहून द्या आणि पोच घ्या. बाजू न ऐकता काढून टाकलं तर तोच आक्षेप लेखी नोंदवा. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टमुळे कॉलेजातून काढलं होतं, त्या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती.