मेनू आपोआप बदलू नका, वर एक छोटी पट्टी द्या

बिलिंग, स्टॉक, पगार असल्या सॉफ्टवेअरमध्ये 'युजरच्या सवयीप्रमाणे बदलणारा मेनू' बनवायचा मोह होतो, पण बटणाची जागा हलली की रोज वापरणारा माणूस वैतागतो कारण त्याचा हात सवयीने जुन्या जागीच जातो. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापराच्या कमांड लपवणारे मेनू दिले होते, ऑफिस २००७ मध्ये मेनूच्या जागी रिबन (टॅबवार मांडलेली बटणं) आली, त्यात ते गेले.

मी आता असं करतो:

१. मुख्य मेनू जसाच्या तसा, त्यातलं काहीच हलवायचं नाही.
२. त्याच्या वर चार-पाच बटणांची पट्टी द्यायची, त्यात त्या युजरने गेल्या महिन्याभरात जास्त वेळा उघडलेल्या स्क्रीनच्या कॉपी येतील. कॉपी हं, मूळ बटण आपल्या जागी राहणारच.
३. पट्टी फक्त लॉगिन करताना बदलायची, काम चालू असताना अजिबात नाही.
४. पट्टीतल्या प्रत्येक बटणाला पिन (जागा पक्की करायची खूण) द्या, पिन केलेलं हलणार नाही.

नवीन युजरचा डेटा नसतो, तेव्हा त्याच्या रोलप्रमाणे आधीच भरलेली पट्टी दाखवा, म्हणजे अकाउंट्सवाल्याला व्हाउचर आणि गोडाऊनवाल्याला आवक-जावक, रिकामी पट्टी फार भकास दिसते.

एक मात्र सांभाळा, डिलीट, पेमेंट मंजुरी असली बटणं या पट्टीत कधीच येऊ देऊ नका, कितीही वापरात असली तरी. जागा बदलली आणि घाईत चुकीचं दाबलं गेलं तर निस्तरत बसावं लागतं.