मोठा टेडी हाताने शिवताना मान-मनगट दुखणं कसं थांबलं

दोन-अडीच फुटी टेडी मांडीवर घेतला की मान झुकते, खांदे वर चढतात आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. सगळ्यात जास्त फरक पडला तो टेडी टेबलावर पालथा ठेवल्याने: पोटाखाली घट्ट उशी, पाठीची शिवण आपल्याकडच्या कडेला, कोपराच्या किंचित वर. डोकं जोडताना मात्र त्याला दोन उशांमध्ये बसवायचं आणि टेडीच फिरवत राहायचं, आपण वाकायचं नाही. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याने प्रत्येक टाक्याला खांदा ओढला जातो, शिवाय गुंता होतो. जाड कापडातून सुई चिमटीने ओढली की अंगठा भरून येतो, तिथे छोटी पक्कड वापरा. दर 20 मिनिटांनी उठा.