लहान पोरांना खेळणी घेताना काय बघायचं: ठोकळे, भातुकली आणि बाहुली

दोन ते सहा वर्षांच्या पोरांसाठी खेळणं घेताना मी आधी एकच बघते, बटण दाबल्यावर ते खेळणंच सगळं करतं का? गाणं वाजलं, लाइट लागले, गाडी गोल फिरली, मग पोराने काय करायचं, नुसतं बघत बसायचं? दोन दिवस बघतं आणि सेल संपले की ते कपाटावर जातं. त्यापेक्षा साधे लाकडी ठोकळे घ्या, आज त्यांचा पूल होतो, उद्या दुकानातली वजनं होतात, परवा त्यातलाच एक कानाला लावून आजीला फोन लागतो.

पण ठोकळे आठ-दहा घेऊन काही उपयोग नाही, काहीच उभं राहत नाही, चाळीसेक तरी हवेत. आणि मापं जुळणारी हवीत, दोन छोटे लावले की एका मोठ्याएवढे भरले पाहिजेत, नाहीतर घर सारखं कोसळतं आणि पोरं वैतागतात. भरीव लाकडाच्या कापलेल्या टोकाला रेषा दिसतात, एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, त्या नसतात, आणि ते आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने फुगतं, सो नकोच.

रंगीत हवं असेल तर कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी बघा. तिथे लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते, त्यामुळे रंग छान टिकतो. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं-भाज्या पण फार सुंदर असतात, भाजीवाली-भाजीवाली खेळायला एक नंबर, फक्त ती वरून रंगवलेली असतात म्हणून सगळं तोंडात घालायचं वय गेल्यावर द्या.

भातुकली मात्र घ्याच, आणि मुलगा असला तरी घ्या, मुलगे तर चहाची टपरी काय मस्त चालवतात! पुण्यात असाल तर तुळशीबागेत जा, तिथे सुटी भांडी मिळतात, पॅक केलेल्या सेटपेक्षा तीच बरी कारण एकेक हातात घेऊन बघता येतं. प्लास्टिकचं नको, त्याचे दांडे आधी तुटतात. स्टीलचं किंवा पितळेचं घ्या आणि काठावरून बोट फिरवून बघा, धार लागली तर ठेवून द्या. कढईचे कान हलवून बघा, रिव्हेट मारलेले असतील तर वर्षानुवर्षं टिकतात, नुसते चिकटवलेले असतील तर आठवड्यात निघतात. झाकण नीट बसतं का, जात्याची वरची तळी खरंच फिरते का, हे पण बघा कारण पोरांना दळल्यासारखं करायचं नसतं, दळायचंच असतं. सुरुवातीला पोळपाट-लाटणं, तवा, एक-दोन पातेली, चहाचे कप एवढं पुष्कळ झालं. आणि आत घालायला खरे चुरमुरे, किसलेला गूळ, पोह्यांचा चुरा द्या, खेळ एकदम रंगतो. आख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहानांना नकोत, घशात अडकतात.

बाहुली कापडाची, चेहरा साधा, डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याने शिवलेले हवेत. घरात कोणी शिवणारं असेल तर जुन्या सुती साडीची करून घ्या, तिला त्याच साडीचं पांघरूण पण होतं.

सेफ्टीचं थोडक्यात सांगते. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे, तो बघून घ्या. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि जीआय टॅगच्या (म्हणजे ठरावीक गावाची खासियत म्हणून नोंदलेल्या) खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून तिथे मार्क नसला म्हणजे माल खोटा असं समजू नका, पण रंग आणि कडा स्वतः तपासा. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी छोटे भाग तपासायचं सिलिंडर 31.7 मिमी रुंद असतं, त्यात मावेल ते घशात अडकू शकतं, दहा रुपयाचं नाणं 27 मिमीचं, म्हणजे नाण्याएवढं, त्याहून लहान किंवा जरासंच मोठं असलेलं काहीही या वयात नको, भातुकलीतले छोटे चमचे-वाट्या पण तोवर वर ठेवा. बटण सेल आणि सुटी लोहचुंबकं असलेली खेळणी घरातच आणू नका, गिळली गेली तर सेलने अन्ननलिका जळते, चुंबकांनी आतडी फाटतात.

लाकूड पाण्यात भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. आणि वाढदिवसाला काय देऊ असं मावशी-काकांनी विचारलं तर सरळ सांगा, नवीन काही नको, भातुकलीतलं एखादं भांडं नाहीतर ठोकळ्यांची अजून एक पिशवी द्या, आणि जुन्या ठोकळ्याचं माप व्हॉट्सअपवर पाठवून द्या म्हणजे नवे बरोबर जुळतील.