थेंब नाचला म्हणजे तवा तयार? या चुका टाळा

माझ्याकडे स्वयंपाक शिकायला येणाऱ्या नव्या मंडळींची एक सवय दर बॅचला मोडावी लागते. बिडाच्या तव्यावर पाणी शिंपडायचं, थेंब टुणटुण पळायला लागले की "तापला!" म्हणत घावनाचं पीठ ओतायचं. मग पीठ पसरत नाही, पळीलाच गोळा होऊन वर येतं आणि दोष जातो पिठाला.

थेंब पळतो तेव्हा तवा जास्त तापलेला असतो. 100 अंशांच्या जरा वर थेंब तव्याला चिकटतो, चुर्र करतो आणि आटतो. तवा साधारण 200 अंशांच्या पुढे गेला की थेंब टेकता टेकताच त्याच्या खालच्या पाण्याची वाफ होते. त्या जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या थरावर तो तरंगतो. वाफेतून उष्णता सावकाश पोचते, म्हणून जास्त तापलेल्या तव्यावर थेंब उलट जास्त टिकतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने लालभडक लोखंडी चमच्यात हे पाहून 1756 मध्ये लिहून ठेवलं होतं.

असा तवा गार करायला पाणी शिंपडत बसू नका, थेंब वरच्या वर घरंगळून जातात. मी गॅस बारीक करते आणि जाड ओलं फडकं उलथन्याने दाबून फिरवते. चुर्र असा भरीव आवाज आला की पीठ. स्टीलच्या पॅनला घरंगळणारा थेंब चालतो. तिथे मग आच कमी करून तेल घालायचं.

दुसरी चूक पाहिली की माझा जीव वर येतो: तेल तापलंय का हे बघायला त्यात पाण्याचा हात झटकणं. चकलीच्या दिवशी एका मुलीने मी "थांब" म्हणेपर्यंत बोटं झटकली. काहीच झालं नाही, म्हणून ती कढईवर वाकली. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली गेलं होतं. तिथे त्याची वाफ झाली, म्हणजे आकारमान 1600 पटींहून जास्त वाढलं. फट्‌ आवाज झाला आणि तेल तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. हात लगेच वाहत्या नळाखाली धरून ठेवला, तरी फोड आलेच. दोन मिनिटांची घाई, दुसरं काही नाही. मी पिठाचा एवढासा कण सोडते. तो बुडबुड्यांसकट वर आला की चकली सोडायची.

कढईने पेट घेतला तर पाणी अजिबात नको, पेटतं तेल घरभर उडेल. गॅस बंद करा, कोरडं झाकण किंवा परात सरकवून झाका आणि कढई पूर्ण निवेपर्यंत उघडू नका, हलवू नका.

अख्खी मिरची तळताना चीर द्या, आत वाफ कोंडली की ती फुटते. धुतलेली कढई पुसून कोरडी केल्याशिवाय तेल ओतू नका. नॉनस्टिकवर थेंबाची परीक्षा नकोच, रिकामं तापवून लेप खराब होतो.